पुनर्दर्शन आणि पूर्वस्थिती : ‘आय लव्ह लूसी’ ह्या विनोदी मालिकेचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

बालपणी ज्या कलाकृतीवर मन जडलेले असते, ती प्रौढ वयात पुन्हा समोर आली असता रसिकाच्या मनात बहुधा दोनपैकी एक प्रतिक्रिया उमटते. एक तर जुना आनंद जसाच्या तसा परत मिळाल्याचे समाधान त्याला वाटते. नाही तर ज्या गोष्टीवर आपण एवढे लुब्ध होतो ती मुळात इतकीच होती काय, अशी खंत त्याला वाटू लागते. पहिल्या प्रतिक्रियेत बालपणीचा अभिप्राय प्रमाण मानलेला असतो, दुसरीत प्रौढपणीचा. दोहोंच्या मुळाशी मात्र एकच गृहीत आहे. कलाकृती एक आहे, म्हणून तिचे यथार्थ दर्शनही एकच असले पाहिजे, आणि दोन वयांतील दर्शने जुळत नसतील तर त्यांपैकी एक भ्रामक ठरले पाहिजे, असे ते गृहीत होय. ह्या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न जुना आहे. दूरचित्रवाणीवरील ज्या विनोदी मालिकांना व्यवहारात ‘सिटकॉम’ म्हणतात, त्यांच्या बाबतीत तो अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. अशा प्रसंगनिष्ठ मालिकेत पात्रे ठरावीक असतात, घर ठरावीक असते. अर्ध्या तासाच्या अवधीत एखादा प्रसंग उद्भवतो, वाढतो, कळसाला पोहोचतो आणि मिटतो. आणि शेवटी सर्व पात्रे जेथून निघाली तेथेच परत येतात. पुढील आठवड्यात मागील आठवड्याच्या गोंधळाची कसलीही खूण उरलेली नसते. ह्या रचनावैशिष्ट्याला ‘पूर्वस्थितीची पुनःस्थापना’ असे म्हणता येईल. बालप्रेक्षकाला लाभणारा आनंद आणि प्रौढ प्रेक्षकाला जाणवणारी अस्वस्थता ही दोन्ही ह्या एकाच वैशिष्ट्यातून निर्माण होतात, असे येथे दाखवावयाचे आहे. उदाहरणादाखल अमेरिकेतील ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका घेतली आहे. ह्या प्रकाराचा साचा बव्हंशी तिनेच घडविला, आणि एकाहून अधिक पिढ्यांच्या बालपणाशी तिचा संबंध जडलेला आहे, हे ह्या निवडीचे कारण.

२. मालिकेचा परिचय

‘आय लव्ह लूसी’चा पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस ह्या प्रक्षेपणसंस्थेने दाखविला आणि अखेरचा ६ मे १९५७ रोजी. सहा हंगामांत मिळून १८० भाग झाले. लूसीची भूमिका लूसिल बॉल हिने केली. तिच्या पतीची, म्हणजे रिकी रिकार्डोची, भूमिका तिचा प्रत्यक्षातील पती देसी आर्नाझ ह्याने केली. आर्नाझचा जन्म क्यूबातील सांतियागो येथला. मालिकेतील रिकीही क्यूबाहून आलेला वाद्यवृंदप्रमुख असून न्यूयॉर्कच्या एका रात्रगृहात तो गातो व वाजवितो. हे जोडपे ज्या इमारतीत भाड्याने राहते तिचे मालक फ्रेड व एथेल मर्ट्झ (विल्यम फ्रॉली व व्हिव्हियन व्हान्स) हे त्यांचे शेजारी आणि सर्व उपद्व्यापांतील सहभागी. लेखन जेस ऑपेनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरल ह्या तिघांनी सुरू केले. त्यांपैकी प्यू ही स्त्री होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मालिकेचे कथाबीज एका वाक्यात सांगता येते. लूसीला रंगमंचावर यावयाचे आहे, आणि रिकीला ती घरात हवी आहे. कधी ती वेषांतर करून पतीच्या कार्यक्रमात घुसते, कधी खोटे बोलून एखादी नोकरी पटकावते, कधी नुसत्या हौसेपायी संकट ओढवून घेते. दर वेळी बेत फसतो, गोंधळ माजतो, क्षमायाचना होते आणि दिवाणखाना पूर्ववत शांत होतो.

३. पुनर्दर्शन शक्य कसे झाले

पुनर्दर्शनाचा विचार करताना एक प्राथमिक गोष्ट सहसा विसरली जाते. जी कलाकृती टिकलेली आहे तिचेच पुनर्दर्शन होऊ शकते, आणि दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात टिकणे हा नियम नसून अपवाद होता. १९५१ मध्ये अमेरिकेतील बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून प्रत्यक्ष सादर होत असतानाच प्रक्षेपित केले जात. देशाच्या इतर भागांसाठी दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून एक प्रत काढली जाई. ती धूसर व निकृष्ट असे. बॉल आणि आर्नाझ ह्यांना हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जावयाचे नव्हते, आणि पुरस्कर्त्यांना पूर्वेकडील प्रेक्षकांसाठी निकृष्ट प्रत नको होती. ह्या पेचातून जो मार्ग निघाला तो असा : मालिका हॉलिवूडमध्येच, ३५ मिलिमीटरच्या चित्रपट्टीवर, परंतु प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित करावयाची.

ह्या पद्धतीच्या तांत्रिक बाजूची जबाबदारी कार्ल फ्रॉइंट ह्याच्याकडे होती. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) ह्या चित्रपटाचे छायाचित्रण करणाऱ्यांत तो होता, आणि ‘द गुड अर्थ’ (१९३७) साठी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालेले होते. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवायचे म्हणजे कोणत्याही कोनातून प्रकाश चालला पाहिजे. म्हणून त्याने बहुतेक प्रकाशयोजना वरून व सर्वत्र सारखी केली. त्यामुळे नटांना नाटकासारखा सलग अभिनय करता आला, प्रेक्षकांचे हसणे खरे राहिले, आणि तीन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या दृश्यांतून नंतर संकलन करणे शक्य झाले. पुढील अनेक दशके विनोदी मालिकांनी हीच पद्धत वापरली.

ह्या पद्धतीने खर्च वाढला. तो भरून काढण्यासाठी बॉल व आर्नाझ ह्यांनी आपले साप्ताहिक मानधन कमी करून घेतले आणि त्याबदली चित्रित भागांची मालकी स्वतःकडे ठेवली. एकदा दाखविलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, अशीच त्या वेळची समजूत होती. परंतु १९५२-५३ च्या हंगामात लूसिल बॉलच्या प्रसूतीमुळे नव्या भागांची संख्या मर्यादित झाली, तेव्हा काही जुने भाग नवी प्रस्तावना जोडून पुन्हा दाखविण्यात आले आणि प्रेक्षकांनी ते आवडीने पाहिले. पुढे ह्या भागांचे हक्क विकून आलेली रक्कम आर.के.ओ. ह्या चित्रसंस्थेची चित्रनगरी विकत घेण्याच्या कामी आली. मूळ प्रक्षेपण संपल्यावरही कित्येक दशके मालिकेचे पुनःप्रक्षेपण चालू राहिले, आणि १९५७ नंतर जन्मलेल्या असंख्य मुलांनी ती प्रथम पाहिली ती ह्या पुनःप्रक्षेपणातच.

येथे एक मनोरंजक गोष्ट नोंदविली पाहिजे. ही मालिका लहानपणी पाहिलेल्या पुष्कळांना तिच्या आरंभीची साटीनच्या वस्त्रावरील हृदयाकृती आणि तीत उमटणारे शीर्षक आठवते. परंतु मूळ प्रक्षेपणात हे दृश्य नव्हतेच. तेथे लूसी व रिकी ह्यांची रेखाचित्रे हालचाल करीत, आणि पुरस्कर्त्या सिगारेट कंपनीची पाकिटे त्यांच्याबरोबर झळकत. हृदयाकृती पुनःप्रक्षेपणासाठी नंतर तयार करण्यात आली. जाहिरातींना जागा करून देण्यासाठी भागांची काटछाटही झाली. १९५६ च्या नाताळाचा एक भाग तर पुनःप्रक्षेपणाच्या संचातून वगळलाच गेला होता. तो १९८९ मध्ये पुन्हा हाती लागला. तात्पर्य, ज्याला बालपणीचे ‘मूळ दर्शन’ म्हटले जाते तेदेखील अनेकदा पुनर्दर्शनच असते. स्मृती ज्या प्रतीला मूळ मानते ती प्रत कोणाच्या तरी व्यावसायिक गरजेने घडविलेली असते.

४. बालप्रेक्षकाचे दर्शन

१५ सप्टेंबर १९५२ रोजी दाखविलेला ‘जॉब स्विचिंग’ हा भाग ह्या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध भागांपैकी एक आहे. लूसीने दिलेला धनादेश बँकेकडून परत येतो. खात्यात पैसे नसताना तिने तो दिला होता, आणि पुढच्या महिन्यापर्यंत वठवू नये अशी लाडिक विनंती बँकेच्या कारकुनाला धनादेशाच्या पाठीवरच लिहून ठेवली होती. रिकी संतापतो, पैसे मिळविणे किती कठीण असते हे बायकांना काय ठाऊक, असा वाद पेटतो, आणि अखेर पुरुषांनी घर सांभाळावे व स्त्रियांनी नोकरी करावी, अशी पैज लागते. लूसी व एथेल एका मिठाईच्या कारखान्यात लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे एकेक करून कागदात गुंडाळावयाची, हे त्यांचे काम. एक जरी चॉकलेट न गुंडाळता पुढे गेले तर दोघींना काढून टाकण्यात येईल, अशी तंबी पर्यवेक्षिका देते. पट्टा आधी सावकाश चालतो, मग वेग घेतो. हात पुरेनासे होतात तेव्हा दोघी चॉकलेटे तोंडात कोंबतात, टोपीत दडवितात, पोलक्यात टाकतात. पर्यवेक्षिका परत येते, पट्टा रिकामा पाहून खूष होते, आणि वेग आणखी वाढविण्याची आज्ञा देते.

मूल हे पाहून पोट धरून हसते. ह्या हास्याची उपपत्ती लावणे कठीण नाही. बेर्गसाँने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढले की हास्य निर्माण होते असा सिद्धांत मांडला. माणसाला यंत्राच्या गतीने वागावयास लावणारा हा पट्टा म्हणजे त्या सिद्धांताचे जणू सोदाहरण स्पष्टीकरणच होय. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य इत्यादींची गणना केली आहे. टोपीत व पोलक्यात चॉकलेटे भरलेली, गाल फुगलेली लूसी हा विकृत वेषाचा नमुना होय. आणि चोरून खाल्लेल्या गोडाची मौज लहान मुलाला शिकवावी लागत नाही.

परंतु एवढ्याने बालप्रेक्षकाच्या आनंदाचा पूर्ण उलगडा होत नाही. मूल हाच भाग पुन्हा पुन्हा पाहते, शेवट पाठ असतानाही पाहते. ज्या गोंधळाचा शेवट अनिश्चित असतो तो गोंधळ मुलाला भयप्रद वाटतो; ज्याचा शेवट निश्चित असतो तो क्रीडारूप होतो. लूसीने घर पाण्याने भरले, पतीचा कार्यक्रम उधळला, खोटे बोलताना ती पकडली गेली, तरी अर्ध्या तासाच्या शेवटी रिकी तिला जवळ घेणार आहे आणि पुढच्या आठवड्यात हेच चौघे ह्याच दिवाणखान्यात असणार आहेत. स्वतः मुलाचे आयुष्य अपराध, शिक्षा व क्षमा ह्या चक्रातच फिरत असते. मोठ्या माणसांच्या जगात एक व्यक्ती मुलासारखी वागते आणि तरीही तिच्यावरचे प्रेम नाहीसे होत नाही, हे ह्या मालिकेचे बालप्रेक्षकाला दिलेले आश्वासन आहे. पूर्वस्थितीची पुनःस्थापना हीच त्याच्या दृष्टीने मालिकेची सर्वांत मोलाची देणगी ठरते.

५. प्रौढ प्रेक्षकाचे दर्शन

तोच प्रेक्षक पुढे संसारात पडल्यावर, नोकरीचा अनुभव घेतल्यावर, हाच भाग पाहतो तेव्हा चित्रपट्टीवरील एकही चौकट बदललेली नसते. तरीही आता त्याचे लक्ष निराळ्या ठिकाणी जाते. आरंभीचा धनादेश बालपणी केवळ कथेला गती देणारे निमित्त होता. आता प्रश्न पडतो की, ह्या स्त्रीला घरखर्चाचे पैसे पतीकडून मोजून का घ्यावे लागतात. कारखान्यातील दृश्यही बदलते. चूक लपविली म्हणून शाबासकी मिळावी आणि शाबासकीबरोबर कामाचा वेग वाढावा, ह्या घटनेत श्रमव्यवस्थेचे मर्म सामावलेले आहे. जो कधी कोणाच्या हाताखाली राबला आहे तो येथे हसतो खरा, पण त्या हसण्याला ओळखीची कडवट चव असते. आणि शेवट तर बालपणी लक्षातही आलेला नसतो. तिकडे चौघांसाठी चार पौंड तांदूळ शिजत घालून पुरुषांनी स्वयंपाकघराची दुर्दशा केलेली असते. दोन्ही पक्ष हार मानतात. जो तो आपापल्या जागी परत जाण्याचे ठरते, आणि पती समेटाची खूण म्हणून आपापल्या पत्नीला भेट देतात पाच पौंड चॉकलेटे. विनोद उत्तम साधला आहे. पण ‘आपापली जागा’ ह्या शब्दांचा अर्थ प्रौढ प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

आणखीही काही गोष्टी त्याला खटकतात. काही भागांत रिकी पत्नीला शिक्षा म्हणून लहान मुलासारखे मांडीवर पालथे घालून मारतो, आणि प्रेक्षागारातून हशा ऐकू येतो. रिकीच्या इंग्रजी उच्चारांवरचे विनोद वारंवार येतात. ह्या बाबतीत मात्र लेखकांनी एक पथ्य पाळले : त्याच्या उच्चारांची नक्कल करण्याची मोकळीक मुख्यतः लूसीलाच, म्हणजे ज्या व्यक्तीचे त्याच्यावर निःसंशय प्रेम आहे तिलाच, दिली. आर्नाझसारखा क्यूबन पुरुष एका अमेरिकन स्त्रीचा पती म्हणून प्रेक्षकांना पटेल की नाही, अशी शंका प्रक्षेपणसंस्थेला आरंभी होती. ते दोघे प्रत्यक्षात विवाहित असूनही ही शंका घेतली गेली, ही बाब त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगते.

काळाच्या संकोचाचे सर्वांत ठळक उदाहरण १९५२ च्या अखेरीचे आहे. लूसिल बॉल गर्भवती असल्याने लूसीलाही गर्भवती दाखविण्याचे ठरले. गर्भारपणाचा वाचक असा सरळ इंग्रजी शब्द वापरावयास सीबीएसने मनाई केली. लेखकांनी सौम्य पर्यायांवर भागविले. संहितांत काही आक्षेपार्ह नाही ह्याची खात्री करण्यासाठी एक कॅथॉलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक यहुदी धर्मगुरू ह्यांच्याकडून त्या तपासून घेण्यात आल्या. १९ जानेवारी १९५३ रोजी लूसीच्या पुत्रजन्माचा भाग दाखविला गेला; त्याच दिवशी बॉलने प्रत्यक्षातही पुत्राला जन्म दिला. सुमारे ४ कोटी ४० लक्ष प्रेक्षकांनी तो भाग पाहिला, असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी झालेल्या आयझेनहॉवर ह्यांच्या अध्यक्षपदाच्या शपथविधीच्या प्रेक्षकांहून ही संख्या मोठी होती. ज्या अवस्थेचे नाव उच्चारणे अशिष्ट मानले गेले, तिचाच उत्सव एवढ्या मोठ्या जनसमूहाने एकाच वेळी साजरा केला.

६. दोन दर्शनांचे एक मूळ

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ह्या दोन दर्शनांपैकी खरे कोणते? मुलाला जे आश्वासन भासते आणि प्रौढाला जो बंदिवास भासतो, ते दोन्ही एकाच रचनेचे परिणाम आहेत. दर आठवड्याला सर्व काही पूर्वपदावर येते म्हणून मूल निर्धास्त होते. सर्व काही पूर्वपदावर येते म्हणूनच लूसी १८० भागांत स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर कायमची पडू शकत नाही. मुलाची कल्पना ही आहे की, घर म्हणजे चूक केल्यावर जेथे परत येता येते ती जागा; प्रौढाला हेही ठाऊक आहे की, काहींना परत येण्यावाचून दुसरा पर्याय नसतो म्हणूनही ते घरी परततात. बेट्टी फ्रीडन हिने १९६३ मध्ये अमेरिकन गृहिणींच्या ज्या निनावी असमाधानाविषयी ग्रंथ लिहिला, त्याचे हास्यरूप दहा वर्षे अगोदर घरोघरी दर सोमवारी दिसत होते, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

पॅट्रिशिया मेलनकँप ह्या अभ्यासिकेने १९८६ च्या आपल्या निबंधात ह्या मालिकेच्या दुहेरीपणावर बोट ठेवले आहे. कथेच्या पातळीवर लूसीचे बंड दर वेळी मोडते, पण प्रयोगाच्या पातळीवर जिंकते तीच, असा त्या विवेचनाचा आशय सांगता येईल. हा भेद महत्त्वाचा आहे. ‘लूसी डज अ टीव्ही कमर्शियल’ (५ मे १९५२) ह्या भागात लूसी एका पौष्टिक द्रवाची जाहिरात करते. त्यात २३ टक्के मद्यार्क आहे हे तिला ठाऊक नसते. तालमी करता करता तिला झिंग चढते आणि प्रत्येक तालमीगणिक तेच शब्द अधिकाधिक लडखडू लागतात. कथेत तिची फजिती होते. पण एकाच संहितेच्या चार-पाच आवृत्त्यांत नशेची पायरी पायरीने चढती श्रेणी दाखविणे हे असामान्य अभिनयकौशल्याचे काम आहे. गाता-नाचता न येणारी म्हणून जिला रंगमंचावरून हाकलले जाते, तिच्या भूमिकेतील नटीने त्याच वेळी रंगमंच पूर्णपणे व्यापलेला असतो.

हास्यरस मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे ह्यांच्या ठिकाणी आढळतो, असे निरीक्षण भरताने नोंदविले आहे. समाजात ज्याचे स्थान खालचे त्याच्यावर हसणे सोपे जाते, हा त्यामागील अनुभव असावा. भरताने हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेदही केले आहेत : स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे हे परस्थ. ही परिभाषा किंचित ताणून असे म्हणता येईल की, लूसी हे पात्र हास्याचा विषय आहे, परंतु लूसिल बॉल ही नटी हास्याची कर्ती आहे. मूल पात्र पाहते. प्रौढाला पात्र आणि नटी ही दोन्ही एकत्र दिसू शकतात. प्रौढ दर्शन अधिक श्रेष्ठ ठरते ते लूसीच्या बंदिवासाची जाणीव झाल्यामुळे नव्हे. ती जाणीव असताही हसू टिकवून धरण्याची शक्ती त्याला लाभली तर ते श्रेष्ठ ठरते.

आणखी एक गोष्ट प्रौढालाच दिसू शकते : पुनःस्थापनेचा नियम खुद्द ह्या मालिकेलाही पूर्णपणे पाळता आला नाही. मूल जन्माला आले ते पुढच्या आठवड्यात नाहीसे करता येत नव्हते. १९५५ पासून पात्रे हॉलिवूडला, पुढे युरोपला गेली, आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कचे घर सोडून कनेक्टिकटमधील खेड्यात राहावयास गेली. काळ आत शिरला तो शिरलाच. मालिकेबाहेर तर तो अधिक कठोर होता. ह्याच पात्रांच्या तासाभराच्या कार्यक्रमांपैकी शेवटचा १ एप्रिल १९६० रोजी दाखविला गेला, आणि त्याच वर्षी बॉल व आर्नाझ ह्यांचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये बॉलने आर्नाझचा हिस्सा विकत घेऊन ‘देसिलू’ ह्या निर्मितिसंस्थेची सूत्रे स्वतःकडे घेतली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ व ‘मिशन : इम्पॉसिबल’ ह्या मालिका तिच्याच कारकीर्दीतील. जिला नोकरीचा एक दिवसही पुरता निभावता येत नाही अशा गृहिणीची भूमिका करणारी स्त्री एका मोठ्या संस्थेची प्रमुख झाली होती. हे ज्याला ठाऊक आहे तो शेवटचे आलिंगन पूर्वीच्या भाबडेपणाने पाहू शकत नाही. पण ज्या कौशल्याने ते आलिंगन इतकी वर्षे खरे वाटत राहिले त्याविषयीचा त्याचा आदर वाढतो.

७. मराठी संदर्भ आणि उपसंहार

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणराव व गुंड्याभाऊ ह्या पात्रांवरील मालिका दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांच्या भूमिकांनी लोकप्रिय झाली. ती ज्यांनी लहानपणी पाहिली ते आज प्रौढ आहेत. चिमणरावाच्या बाबतीत एक भेद लक्षणीय आहे. जोशींच्या लेखनात चिमणराव आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो. हास्याचा विषय आणि हास्याचा निवेदक एकच असतो. त्यामुळे पुनर्वाचनात वाचकाला निवेदकाच्या भोळेपणाआड दडलेला मिश्किल लेखक हाती लागतो. लूसीला आपली कथा सांगण्याची अशी सोय नाही; तिची बाजू शब्दांतून येत नाही, ती केवळ अभिनयातून वाचावी लागते. शिवाय चिमणरावाचा प्रेक्षक मूळ ग्रंथाकडे वळू शकतो. लूसीच्या प्रेक्षकाला चित्रपट्टीखेरीज दुसरा आधार नाही.

म्हणूनच जतनाचा प्रश्न गौण मानता येत नाही. अनेक प्रक्षेपणसंस्थांनी फितींची किंमत व जागेची टंचाई ह्यांमुळे जुने कार्यक्रम पुसून टाकले. ब्रिटनमधील ‘डॅड्स आर्मी’सारख्या अत्यंत लोकप्रिय मालिकेच्या १९६९ मधील तीन भागांच्या मूळ फिती आज उपलब्ध नाहीत. अशा भागांच्या बाबतीत बालपणीचे दर्शन हेच एकमेव आणि अंतिम दर्शन ठरते. ते तपासून पाहण्याचा, त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकारच प्रेक्षकाला उरत नाही. स्मृती मग गोड होत जाते, पण ती निरुत्तरही होत जाते.

ह्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. बालपणी आवडलेल्या विनोदी मालिकेचे पुनर्दर्शन घेताना जुन्या प्रेमाची लाज वाटण्याचे कारण नाही, आणि नव्या आक्षेपांकडे डोळेझाक करण्याचेही कारण नाही. मुलाने त्या रचनेतील अभय ओळखले होते आणि प्रौढाने तिच्यातील बंधन ओळखले. दोघांनीही जे तेथे होते तेच पाहिले. सरकत्या पट्ट्यासमोर गाल फुगवून उभी असलेली ती स्त्री पाहून एक हसतो आणि दुसऱ्याला तिची दया येते. तिसऱ्यांदा पाहताना ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी घडत असतील, तर ते पुनर्दर्शन सफल झाले असे समजण्यास हरकत नाही.